उसाच्या फडात दोन पिल्लं सापडली आहेत. बिबट्या की आणखी काही? (निफाड)

गोदाकाठचा | बुधवार, सकाळी १०:५०

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखनाकडे बघू नका.

आमचा मळा निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वरच्या अलीकडे. आज पहाटे ऊसतोड सुरू झाली. साडेआठच्या सुमारास टोळीतल्या एका बाईला पाचटाखाली दोन पिल्लं दिसली. "बिबट्याची पिल्लं, बिबट्याची पिल्लं" असा ओरडा झाला आणि क्षणात सगळी टोळी बांधावर. मुकादम म्हणतो, मादी इथंच असणार, आता कोणी फडात पाय ठेवणार नाही. त्याला तरी काय बोलणार, त्याच्याबरोबर बायामाणसं आहेत, लेकरं आहेत.

मी पोचायच्या आत एका पोराने दोन्ही पिल्लं उचलून टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवली होती. एकेक पिल्लू माझ्या मोबाईलहून जरासं लांब, शेपूट सोडून. डोळे उघडलेले, निळसर राखाडी. अंगावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या रांगा. कपाळावर उभ्या गडद रेघा. त्यातलं एक गप्प पडून आहे, दुसरं क्रेटला हात लावला की फिस्स करून अंगावर येतं. एवढ्याशा जिवात एवढा राग!

वडील म्हणतात बिबट्या. आजी म्हणते बाऊल. गावच्या ग्रुपवर तर "बिबट्याने चार पिल्लं दिली" इथपर्यंत गेलंय. फोटो टाकायचा प्रयत्न करतो, रेंज नाही. कोणाला काही सांगता येईल का?

---

सिन्नरी_विडी | बुधवार, सकाळी ११:०२

दादा, ओळख नंतर पटवू. आधी वनविभागाच्या १९२६ ला फोन लाव. पिल्लं घरी नेऊ नकोस, सावलीत ठेव, वरून गोणपाट टाक आणि गर्दी हटव. आणि दूध पाजू नकोस! गाईचं दूध पचत नाही त्यांना, ढाळ लागतात आणि दोन दिवसांत खेळ खलास. आमच्या वस्तीवर मागे हेच झालं होतं, प्रेमापोटी.

---

गोदाकाठचा | बुधवार, सकाळी ११:०९

फोन केलाय. वनरक्षक निघालेत, तासभर लागेल म्हणाले. दुधाची वाटी आईने आणली होती, परत पाठवली. आता ती माझ्यावर रागावली आहे.

---

पाचोळा | बुधवार, सकाळी ११:२६

फोटो नसला तरी चालेल, तुम्ही लिहिलेल्यातच उत्तर आहे.

बिबट्याचं पिल्लू जन्मतःच साधारण अर्धा किलोचं असतं आणि त्याचे डोळे उघडायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे डोळे उघडलेलं बिबट्याचं पिल्लू चांगलं गुबगुबीत, दोन्ही हातांत घ्यावं लागेल असं. तुमचं पिल्लू डोळे उघडे असूनही मोबाईलएवढं. इथेच बिबट्या बाद.

आता आजींचं बाऊल, म्हणजे रानमांजर. त्याची पिल्लं लहानपणी पट्टेरी असतात, मोठेपणी अंग मातकट, एकरंगी होतं. कानाच्या टोकाला केसांचा छोटा झुपका, पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाकडे काळी वलयं. तुमच्याकडच्या पिल्लांचं पोट बघा. पांढऱ्यावर गडद ठिपके आहेत का? गालांवर दोन गडद रेघा? कान गोल, बिनझुपक्याचे? शेपटीवर वलयं नाहीत? या सगळ्याला "हो" असेल तर अभिनंदन, तुमच्या फडात वाघाटी आहे.

कपाळावरच्या रेघाही मोजा. वाघाटीला चार असतात, डोळ्यांच्या वरून निघून मानेकडे जातात.

---

गोदाकाठचा | बुधवार, सकाळी ११:४१

चार. दोनदा मोजल्या. पोटावर ठिपके आहेत. शेपूट साधी, वलयं नाहीत.

वाघाटी म्हणजे? आमच्याकडे वाघाटी आषाढी बारशीला खातात!

---

मोगरा_नाशिकरोड | बुधवार, सकाळी ११:४८

हसून हसून पुरेवाट! मीही तेच म्हणणार होते. एकादशीचा उपास सोडायला वाघाट्याची भाजी लागतेच आमच्या सासूबाईंना. काटेरी वेलाची फळं, वर्षातून दोन दिवस बाजारात येतात आणि भाव विचारायची सोय नसते. मांजराला हे नाव कसं पडलं?

---

पाचोळा | बुधवार, दुपारी १२:१५

वेलाला ते नाव त्याच्या आकडेबाज काट्यांवरून पडलं म्हणतात, वाघनखांसारखे असतात. मांजराचं उघडच आहे, वाघाची धाकटी आवृत्ती.

पण नावात एक गुंता आहे. घाटातली माणसं जिला वाघाटी म्हणायची ती पुष्कळदा बिबटमांजर असे. तीही ठिपक्यांचीच, पण घरच्या मांजराएवढी, पायाने उंच. हे नाव इंग्रजांच्या कानावर गेलं आणि १८६७ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने बिबटमांजराच्या एका नमुन्याला चक्क 'फेलिस वागाटी' असं शास्त्रीय नाव देऊन टाकलं. पुढे ते नाव टिकलं नाही, बिबटमांजराच्या जुन्या नावांच्या यादीत जाऊन बसलं. तरी मराठी शब्द लॅटिनच्या पंगतीला बसून आला, हे मला फार आवडतं. आज वनखात्याच्या कागदावर आणि बातम्यांत वाघाटी म्हणजे तुमच्या क्रेटमधली, तांबूस ठिपक्यांची.

तिचं शास्त्रीय नाव प्रायोनायल्युरस रुबिजिनोसस. रुबिजिनोसस म्हणजे गंजाच्या रंगाची. १८३१ मध्ये इझिदोर जोफ्रॉय सेंट-हिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाँडिचेरीहून आलेल्या नमुन्यावरून वर्णन केलं. बिबटमांजर आणि बंगालकडचं मासेमारी करणारं मांजर ही तिची भावकी. पिल्लांचे ठिपके काळे दिसतात म्हणून गोंधळू नका, तो गंजाचा रंग मोठेपणी चढतो.

---

सह्याद्रीचा_उंदीर | बुधवार, दुपारी १२:३०

जगातलं सर्वात लहान मांजर!!! नशीबवान आहात राव.

---

पाचोळा | बुधवार, दुपारी १२:३८

आशियातलं सर्वात लहान, हे नक्की. जगात म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेतलं काळ्या पायांचं मांजर तिच्या तोडीस तोड आहे, त्या वादात मी पडत नाही. पूर्ण वाढलेली वाघाटी एक ते दीड किलोची, म्हणजे पिठाची पिशवी धरा. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत ३५ ते ४८ सेंमी, शेपूट त्याच्या निम्मी. जन्मलेलं पिल्लू ६० ते ७७ ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या अंड्याएवढं वजन.

---

कडवा_कालवा | बुधवार, दुपारी १:२०

कौतुक चालू द्या. पण शहरात बसून "नशीबवान आहात" म्हणणं सोपं आहे. आमच्या पट्ट्यात संध्याकाळी सातनंतर बाहेरच्या मोरीवर जाताना बाई कोणाला तरी सोबत घेऊन जाते. रात्रीची लाईट, रात्रीचं पाणी भरणं, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात काठी. माणसं गेली आहेत इथे, लहान मुलं गेली आहेत. टोळी पळाली त्यात हसण्यासारखं काही नाही.

---

पाचोळा | बुधवार, दुपारी १:३७

हसलो नाही दादा. टोळीने बांधावर जाणं अगदी बरोबर होतं. पिल्लं खरंच बिबट्याची असती तर मादी पंचवीस-तीस पावलांवर असू शकते. ओळख पटवणं गरजेचं आहे ते याचसाठी. ठिपका दिसला की बिबट्या असं धरलं तर एक दिवस खऱ्या बिबट्याच्या पिल्लांपाशीही आपण मोबाईल घेऊन गर्दी करू.

---

मळ्यातली | बुधवार, दुपारी २:०५

मला एक कळत नाही, ही मांजरं जंगल सोडून उसात कशाला येतात?

---

पाचोळा | बुधवार, दुपारी २:५०

ताई, "जंगल सोडून" हेच मुळात खरं नाही. वाघाटीचं भारतातलं घर म्हणजे कोरडं पानगळीचं रान, झुडपं, गवत, खडकाळ टेकड्या. आपल्याकडे ते आणि शेत यांच्यात भिंत नाही, मधे फार तर एक चारी. तिच्या नजरेने ऊस बघा. आडसाली ऊस दीड-एक वर्ष जागचा हलत नाही. आत गारवा, पाणी, खाली पाचटाची गादी आणि उंदीर म्हणाल तितके. यापेक्षा चांगलं बाळंतपणाचं घर तिला टेकडीवर मिळेल का? तिचं मुख्य खाणं उंदीर आणि लहान पक्षी, जोडीला सरडे, बेडूक, किडे. मोठा पाऊस होऊन गेला की ती हमखास बाहेर पडते म्हणतात, कारण तेव्हा बेडूक आणि उंदीरही बाहेर असतात.

शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांत कॅमेरे लावून अभ्यास केला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात, संरक्षित जंगल नाही. तरी शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक मोठे बिबटे आणि तेवढेच तरस निघाले. कॅमेऱ्यात वाघाटी आणि रानमांजरही आली. ते बिबटे काय खातात हेही त्यांनी नंतर विष्ठेवरून पाहिलं. वजनाच्या हिशेबात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. घरची मांजरंही त्यात बरीच. आता विचार करा, दीड किलोची वाघाटी त्याच फडात पिल्लं घालते, जिथे बिबट्याही आहे आणि वस्तीवरची कुत्रीही.

भातखाचरांमधल्या घरांच्या माळ्यावर तिने पिल्लं घातल्याच्या नोंदी आहेत. इगतपुरीकडे कोणाच्या माळ्यावर "मांजर व्यालं" असेल तर एकदा कपाळावरच्या रेघा मोजून बघा.

---

इगतपुरीचा_पाऊस | बुधवार, दुपारी ३:१०

आता आज रात्री झोप नाही :) माळ्यावर खुडबुड आहेच.

पण एक विचारू का? आमच्या धो-धो पावसाच्या भागात ती असेल? तुम्ही कोरडं रान म्हणालात.

---

पाचोळा | बुधवार, दुपारी ३:४५

चांगला प्रश्न, आणि तिच्याबद्दलची मला सर्वात आवडणारी गोष्ट यातच आहे. भारतात ती बहुतेक कोरड्या रानात सापडते. श्रीलंकेत मात्र हीच मांजर ओल्या, डोंगराळ जंगलातही राहते. असं का? अभ्यासकांचा एक तर्क असा की भारतातल्या ओल्या जंगलात बिबटमांजर आधीच ठाण मांडून आहे. श्रीलंकेत बिबटमांजर नाहीच, ती जागा मोकळी. उलट तिथल्या कोरड्या, मोकळ्या भागात रानमांजराचं बस्तान आहे. म्हणजे कोणाला कुठलं घर मिळणार हे शेजारी कोण आहे यावर ठरतं. नाशिक जिल्ह्यात पश्चिमेला घाटमाथा आणि पूर्वेला येवला-नांदगावचा दुष्काळी पट्टा, मधे ऊस-द्राक्ष. तिन्ही शेजारी एकाच जिल्ह्यात बसू शकतील अशी ही जागा.

पूर्वी ती फक्त दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आहे असं समजत. मग गुजरातेत गीरला, मध्य भारतात, पार उत्तरेला तराईत आणि नेपाळातही सापडली. ती पसरली नाही, आपण कॅमेरे लावायला लागलो. रात्रीची चालणारी, झाडावर सरसर चढणारी, दीड किलोची वस्तू दिसणार कशी?

---

रविवार_कारंजा | बुधवार, संध्या. ४:१०

यातलं एक पिल्लू पाळायला मिळेल का? गंमत नाही, खरंच विचारतोय. लहानपणापासून सवय लावली तर माणसाळतात म्हणे.

---

सिन्नरी_विडी | बुधवार, संध्या. ४:१४

मिळेल ना, सोबत तुरुंगाची भाकरीपण मिळेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे ती, वाघाच्या पंक्तीत.

---

पाचोळा | बुधवार, संध्या. ४:३०

माणसाळतात हे खरं आहे, पण पुढचंही ऐका. एकोणिसाव्या शतकात टॉमस जर्डन नावाचा इंग्रज डॉक्टर मद्रासकडे होता, पक्षी-प्राण्यांचा मोठा अभ्यासक. त्याने वाघाटीचं पिल्लू पाळलं, अगदी लाडिक झालं होतं. आठेक महिन्यांचं असताना ते एकदा चिंकाऱ्याच्या पाडसासमोर आलं. बघता क्षणी झेप घेऊन त्याने पाडसाची मान पकडली, सोडवता सोडवेना. दीड किलोच्या आतलं मांजर आणि समोर हरणाचं पोर! दिवाणखान्यात ठेवायची चीज नाही ती.

---

गोदाकाठचा | बुधवार, संध्या. ६:५५

अपडेट. वनरक्षक आणि त्यांच्याबरोबर पशुवैद्य येऊन गेले. वाघाटीच, तीन-चार आठवड्यांची, दोन्ही तब्येतीने ठणठणीत. हातमोजे घालून तपासली. मी विचारलं, आमच्या पोराने हात लावला, आता आई घेईल का? ते म्हणाले, माणसाचा वास लागला की आई टाकते हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण बिबट्याची किती पिल्लं हाताळून परत ठेवली आणि मादीने उचलून नेली. जागा मात्र तीच हवी, हातभरसुद्धा इकडे-तिकडे नको.

ती जागा दाखवायला पुन्हा त्याच बाईला बोलवावं लागलं. सगळा फड आम्हाला सारखाच दिसत होता. तिने बरोबर खोडक्यांच्या दोन सऱ्यांमधे बोट ठेवलं, "हितं. माझा पदर हितं अडकला व्हता."

क्रेट आडवा करून, तळाला पाचट घालून पिल्लं ठेवली. समोर कॅमेरा. त्या बाजूचा दहा गुंठे ऊस उभा ठेवलाय, टोळी उद्यापासून दुसऱ्या टोकाला. मुकादमाला पिल्लांचा आकार दाखवला तेव्हा तो कसनुसा हसला आणि म्हणाला, "ह्याला भ्यालो व्हय आपण?"

थंडी मरणाची आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा उद्याच्या पेपरात बघालच.

---

कडवा_कालवा | बुधवार, रात्री ८:२०

हे बरं केलंत. एक सांगू का, तोडणीचंही बघा. चारी बाजूंनी तोडत आत आलं की शेवटच्या पट्ट्यात सगळं गोळा होतं: ससे, मुंगूस, घोरपड, मांजरं, कधी बिबट्यासुद्धा. मग त्यांना निघायला वाटच नसते आणि माणसाच्या अंगावर येतात. एका बाजूने तोडत जावं, दुसरी बाजू ओढ्याकडे मोकळी ठेवावी. आणि पाचट पेटवण्याआधी एक चक्कर मारावी. मी मागच्या साली जळालेल्या फडात काय पाहिलं ते इथे लिहीत नाही.

---

मळ्यातली | बुधवार, रात्री ९:००

आणि कठडा नसलेल्या विहिरी! आमच्याकडे रानबोका पडला होता. रात्रभर ओरडला. सकाळी बाजेला दोर बांधून खाली सोडली तर आपणहून चढून बसला, वर आल्यावर एकाकडेही न बघता निघून गेला.

त्यावरून आठवलं, कोंबड्यांचं काय? आमच्या खुराड्यातून महिन्याला एक जातेच. ती वाघाटी की बाऊल?

---

पाचोळा | बुधवार, रात्री ९:२५

वाघाटी कधीमधी पिल्लू उचलेल, मोठी कोंबडी बहुतेक बाऊलाची, नाहीतर मुंगसाची किंवा शेजारच्या कुत्र्याची. बाऊल चार-पाच किलोचा, त्याला कोंबडी झेपते आणि तो सकाळी-संध्याकाळी उजेडातही फिरतो, म्हणून बदनाम तोच होतो. त्याची बाजू घेतो जरा. सरिस्काच्या रानात झालेल्या अभ्यासात तो दिवसाला तीन ते पाच उंदीर खातो असं निघालं. वर्षाचे हजारभर तरी धरा. तुमच्या गव्हातले आणि कांद्याच्या चाळीतले. महिन्याला एक कोंबडी ही त्याची मजुरी समजा, फार तर खुराड्याला बारीक जाळी लावा आणि मजुरी बंद करा.

---

मळ्यातली | बुधवार, रात्री ९:३१

मजुरी जास्त होतेय, गावरान कोंबडी आहे :) जाळी लावते.

---

गोदाकाठचा | गुरुवार, सकाळी ७:४०

पहाटे सहाला वनरक्षकांबरोबर जाऊन आलो. क्रेटमध्ये एकच पिल्लू आहे. फिस्स करणारं गेलंय, गप्प पडणारं राहिलंय. कॅमेऱ्याचं कार्ड त्यांच्याकडे आहे, अजून बघायचं आहे. माझ्या पोटात गोळा आला आहे. कुत्र्याने नेलं असेल का?

---

सिन्नरी_विडी | गुरुवार, सकाळी ७:५२

कुत्र्याने एक नेऊन दुसरं सोडलं नसतं रे. आई एका वेळी एकच नेऊ शकते. तोंड एकच आहे तिला.

---

गोदाकाठचा | गुरुवार, सकाळी ११:३०

आईच!! ३:४२ चा फोटो. काळापांढरा, जरासा हललेला, पण सगळं दिसतंय. पुढचे दोन पाय क्रेटच्या काठावर टेकवून आत वाकलेली. पुढच्या फोटोत पिल्लू तोंडात, मानेला धरलेलं, त्याची शेपूट पोटाखाली वळलेली. क्रेटपेक्षा ती लांबीला कमी भरते हो! मी क्रेट मोजला, ५४ सेंमी. त्यानंतर फोटोत ती नाही. गडी चालू लागले, ट्रॅक्टर आला, परत यायला तिला उजेड आड आला असणार.

राहिलेल्या पिल्लाला पशुवैद्यांनी थोडं काहीतरी पाजलंय, संध्याकाळी परत तिथेच ठेवणार. वडिलांनी आज त्या बाजूला ट्रॅक्टर न्यायचा नाही असं सगळ्यांना सांगून टाकलंय. काल बिबट्या म्हणत होते.

---

मोगरा_नाशिकरोड | गुरुवार, दुपारी १२:०५

सकाळपासून ऑफिसात हाच धागा रिफ्रेश करतेय. संध्याकाळचं कळवा हं.

---

इगतपुरीचा_पाऊस | गुरुवार, दुपारी १:१५

माळ्यावर जाऊन आलो. घूस आहे.

---

गोदाकाठचा | शुक्रवार, सकाळी ६:५०

रात्री ९:१८ ला आली. आम्ही घरात जेवत होतो. दुसरंही घेऊन गेली. वनरक्षकांनी जाताना पाचटात बघितलं, पायाचे ठसे उभ्या उसाकडे गेलेत. तो पट्टा आठवडाभर तसाच राहू द्या म्हणाले. साखर कारखान्याच्या स्लिपबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याला, समजवायचं काम माझ्याकडे.

फोटो दाखवायला त्या बाईला शोधत टोळीच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर गेलो. बघून म्हणाली, "बारीक हाय की. माझ्या धाकलीएवढं वजन बी नसंल." धाकली सहा महिन्यांची आहे, झोळीत झोपली होती.

---

सह्याद्रीचा_उंदीर | शुक्रवार, सकाळी ७:३०

वा! वाचनखूण साठवली आहे. तो क्रेट जपून ठेवा, इतिहास आहे त्याला.

---

गोदाकाठचा | शुक्रवार, सकाळी ९:१५

क्रेट? आईने धुऊन टाकला, टोमॅटो भरून पिंपळगावला गेला पण.